सायलेन्सरची जाळी

पौषातल्या सकाळी आमच्या गुढियारी वस्तीत उन्हाच्याही आधी वास येतो. गिरण्यांमधून उकडल्या जाणाऱ्या धानाचा तो ओलसर, गोडूस वास धुक्यात मिसळून दारादाराशी रेंगाळतो आणि नुकताच चहा झालेल्या माणसालाही पुन्हा भूक लावतो. त्या सकाळी मात्र त्या सुगंधाला बाजूला सारत अंगणातून डिझेलचा उग्र दर्प थेट स्वयंपाकघरात शिरला, आणि पोळी तव्यावर तशीच ठेवून मी मनाशी म्हटलं, झालं, यांनी काहीतरी उघडलं!

हे, म्हणजे माझे यजमान, उभं आयुष्य मालगाडीच्या इंजिनात काढून निवृत्त झाले, आणि त्या इंजिनाच्या गर्जनेने जाता जाता त्यांचे कान नेले. एकदम नव्हे, आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग माझी हाक. हाक गेल्याचं फारसं नुकसान झालं नाही असं ते मिश्किलपणे सांगतात. मला मात्र साधी गोष्टही ओरडून सांगावी लागते आणि आमच्या वरणात मीठ कमी पडलं की सगळ्या पाऱ्याला, म्हणजे गल्लीला, कळतं. या सगळ्याला ते हसत आले होते. हसू मावळलं ते मोटारसायकलमुळे. गिअर कधी बदलायचा हे ते इंजिनाच्या स्वरावरून ठरवत, आणि तो स्वरच हरवला. एकदा रुळांखालच्या भुयारी रस्त्यातून वर येताना चढावर गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला आणि हे आपले मधोमध शांतपणे किक मारत उभे. घरी येऊन किल्ली खिळ्याला अडकवत म्हणाले, “गाडी मले बोलून नाही राहिली आता. इकून टाकू.”

यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही, पण हा माणूस कळतो. रोज सकाळी गाडी काढून स्टेशनापर्यंत जाणं, ओळखीच्या चार जणांना भेटणं, उगाच कोथिंबीर घेऊन येणं, एवढ्यावर त्यांचं म्हातारपण उभं होतं. गाडी गेली असती तर ते खाटेवर बसले असते आणि पुन्हा उठले नसते.

म्हणून गाडी बोलत नाही तर तिचं तोंड मोकळं करावं, ही त्यांची युक्ती मी मुकाट्याने ऐकून घेतली. मेकॅनिकने कानाला हात लावले होते. आवाज वाढवला तर पोलीस सोडत नाहीत, म्हणाला. तेव्हा अंगणातच पोतं अंथरून, शेपटाकडचा बोल्ट सैल करून, पक्कड धरून यांनी सायलेन्सरच्या पोटातून आवाज दाबणारी जाळी ओढून काढली.

काजळीने माखलेली, वीतभर लांबीची नळी ती. डिझेलने धुऊन त्यांनी ती उन्हात धरली आणि मी पाहतच राहिले. नळीभर बारीक छिद्रं, मध्ये मध्ये आडव्या चकत्या, आणि प्रत्येक छिद्रातून कोवळ्या उन्हाचा एकेक ठिपका माझ्या पदरावर पडलेला. यांनी खुणांनी समजावलं, की इंजिनातला स्फोट धावत येतो, या चकतीवर आदळतो, या छिद्रातून वळतो, पुन्हा आदळतो, आणि असा हिंडून हिंडून दमला की मग बाहेर पडतो. केवढी ही योजना! रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस दचकू नये म्हणून कुणीतरी कधीतरी एवढा विचार केला होता, आणि ती करुणा इतकी वर्षं या काळ्या नळीत कुणाच्याही नजरेस न पडता काम करत होती. मला अक्षरशः हात जोडावेसे वाटले.

पण आम्ही ती बाजूला ठेवली, आणि किक मारली.

बाई गं! भिंती हादरल्या, पत्र्यावरची कबुतरं उडाली, माझ्या हातातली बशी निसटली. आणि यांचा चेहरा! डोळे विस्फारलेले, ओठ थरथरत होते. “आली! आवाज आला!” असं ओरडत ते मूठ पिळत राहिले, आणि एवढ्या वर्षांत न पाहिलेलं पाणी मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. आवाज कितपत ठेवायचा हे ठरवायला आम्ही घरातले सर्वांत बहिरे कान नेमले होते, ही आमची अक्कल! मी हात वर-खाली हलवून कमी करा, कमी करा म्हणत होते. रेल्वेच्या माणसाला त्या हालचालीचा अर्थ एकच ठाऊक, जपून पुढे या. ते आणखी जोर देत गेले. शेवटी मी दोन्ही हात डोक्यावर उंच धरले, तेव्हा कुठे ‘थांबा’ ही खूण पटून इंजिन थांबलं.

शेजारची सून दारात उभी होती, सहाव्या दिवसाची छट्ठी होऊन आठवडाही न झालेलं बाळ छातीशी धरून. “कका, नोनी सुते रिहिस,” एवढंच ती तिच्या बोलीत हळूच म्हणाली. पोर झोपलेली होती, आता झोपलेली नव्हती. यांना तिचे शब्द ऐकू आले नाहीत, रडणंही नाही. त्यांना दिसलं ते फक्त लालबुंद झालेलं इवलंसं तोंड, उघडलेलं, थरथरणारं, आणि त्यातून यांच्यापुरता काहीही आवाज येत नव्हता. “हे माह्यामुळे रडून राहिली का?” त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. खोटं बोलायचं फार मनात आलं होतं.

ते पुन्हा पोत्यावर बसले. मग त्यांनी जाळी उचलली, फडक्याने पुसली, जागेवर सरकवली आणि बोल्ट आवळला. पुन्हा मिळालेला आवाज स्वतःच्या हाताने बंद करणारा माझा नवरा मी पाहत होते. आता ते खाटेवर जाऊन बसतील, या भीतीने मी त्यांच्याकडे बघायचंही टाळलं.

त्यांनी मात्र गाडी फाटकाबाहेर काढली आणि मला हाक मारली. “बस मांगं. आजपासून तू माही असिस्टंट. इंजिन कण्हलं का खांद्यावर ठोक, मी गिअर टाकतो.”

मी म्हटलं, मला काय कळतंय कण्हणं! ते म्हणाले, “ऐक ना जराशी.”

आणि मी ऐकू लागले. इतकी वर्षं या गाडीवर बसून मी फक्त बोलत आले होते. आता त्या दबल्या, मऊ घुमण्यात मला चढ कळला, ओझं कळलं, इंजिनाचा श्वास आखडतो तो क्षण कळला. मी खांद्यावर ठोकलं आणि गाडी सुटल्यासारखी पुढे गेली. आवाज इतका हलका होता की त्याच्या पलीकडचंही सारं ऐकू येत होतं: सायकलची घंटी, पोती टाकल्याचा धप्प आवाज, मालधक्क्यावरच्या हमालांचे हुंकार. हे बेफिकीर पुढे पाहत होते, मान ताठ, पाठ सैल. मागून धानाने लादलेला ट्रक हॉर्न देत जवळ येत होता. त्यांना तो ठाऊक नव्हता. मी त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, आणि मागे वळूनही न पाहता त्यांनी गाडी कडेला घेतली.