नाम्बेवे आजींचा उंबरठा

त्या सकाळी नाम्बेवे आजी चुलीवर मक्याची पेज ढवळत होत्या आणि मी त्यांच्याकडे चार निखारे मागायला गेले होते. एवढ्यात दारावर थाप पडली. सीमेजवळच्या आमच्या म्चिंजी गावात माणूस अंगणातूनच हाक घालतो. दार ठोठावतात ते पोलीस.

हवालदार चिपोजोला होता. मागे भिंत धरून उभी दिवस भरलेली एक बाई आणि तिच्या दोन लहान मुली. बाईचं नाव न्झिगिरे. काँगोतल्या लढाईतून पळून आसरा मागायला आलेली. सीमेवरच्या चौकीत तिचं कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं, लेकींसकट कोठडीत घातलं होतं.

"आजी, हिला कळा येतायत. दवाखान्याची गाडी बाहेर गेलीय."

"मग उभा काय राहिलास? पाणी आण."

आजी इथल्या नावाजलेल्या सुईण. न्झिगिरेची भाषा त्यांना येत नाही, पण दुपारपर्यंत मुलगा झाला आणि आईही सुखरूप राहिली.

उन्हं कलली तसा चिपोजोला पुन्हा आला. बाहेर ट्रक उभा. चौघांना आजच सीमेपलीकडे सोडायचा हुकूम होता.

आजी उंबरठ्यात पाय पसरून बसल्या. "ये की आत. एवढंच सांग, काल बायकोजवळ निजलास का?"

चिपोजोला जमिनीकडे बघायला लागला. बाळाची नाळ गळेपर्यंत बायकोच्या अंथरुणातून उठलेल्या पुरुषानं बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, बाळ दगावतं, हे आम्हा चेवा लोकांत शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"त्याला काय विचारता, आजी? नवं लग्न आहे त्याचं," शेजारची फालेसी म्हणाली. बाळ बघायला अंगणभर जमलेल्या बायका हसल्या.

"मी ड्यूटीवर आहे, वहिनी."

"रात्री कुठे होतास ड्यूटीवर?"

तो मागे फिरला आणि चौकीतल्या साहेबाला घेऊन आला. साहेब शहरातला, शिकलेला. "असल्या जुन्या समजुती सरकार मानत नाही, आजी."

"सरकारला नाही विचारत मी. तुम्हाला विचारते. निजलात का?"

साहेबानं उंबरठ्याशी नेलेला बूट मागे घेतला. "माझी आईसुद्धा हेच विचारील," तो पुटपुटला.

मी कॉलेजात शास्त्र शिकले, असल्या गोष्टींवर आजींशी वादही घातलेत. त्या संध्याकाळी मात्र मी फालेसीच्या शेजारी, आजींच्या मागे जाऊन बसले. शेजारीण आहे मी त्यांची, असं आता कुणालाही मान वर करून सांगते.

ट्रक रिकामा गेला. साहेब मात्र अंगणातच रेंगाळला.

"नाळ चार दिवसांत गळेल, आजी. मग तर न्यावंच लागेल. तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?"

आजींनी धाकट्या मुलीला मांडीवर ओढून घेतलं.

"हिच्या आईची भाषा येणारा एक माणूस पाठवा. तिचं म्हणणं ऐकून घ्या, मग काय ते ठरवा."