मधला आकडा

मुळा धरणाच्या फुगवट्यात पलीकडच्या वाड्यांवरची माणसं ने-आण करणारी एक लाँच आहे. चालवणारा नवरा, आणि मागे इंजिनाला लागून बसून तिकिटं फाडणारी त्याची बायको. इंजिन जुनं, धूर काळा, बाई सारखी खोकायची. मी नगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. डिझेलसोबत थोडा हायड्रोजन जाळला तर धूर किती घटतो, हे मला खऱ्या बोटीवर तपासायचं होतं. त्यांनी लगेच होकार दिला.

पाण्यात वीज सोडून हायड्रोजन तयार करणारा डबा आम्ही बनवला. त्याची नळी इंजिनाच्या हवेच्या पाइपला जोडायची होती. पण त्याआधी राहुरीहून आलेला मिस्त्री म्हणाला, "मॅडम, नोझल पार चोंदलंय. आधी ते साफ करू द्या."

त्यानं डिझेल फवारणारं ते नोझल साफ केलं, फिल्टर बदलला. मी धूर मोजला. सुरुवातीला मोजला होता त्याच्या जवळजवळ निम्म्यावर आला होता. मग डबा जोडला, पुन्हा मोजला. आणखी थोडासा उतरला, इतकंच.

अहवालात मी पहिला आकडा लिहिला आणि शेवटचा. मधला लिहिला नाही. कॉलेजात सत्कार झाला. त्या बाईनं मला घरच्या शेंगदाण्यांची पिशवी दिली. "खोकला लई कमी झालाय बघा," म्हणाली.

वर्षभरानं विद्यार्थ्यांना दाखवायला लाँचवर गेले. धूर पुन्हा तसाच. डबा मात्र लखलखीत पुसलेला. तिकिटं आता त्यांचा पुतण्या फाडत होता.

"ती येत न्हाई आता," लाँचवाले म्हणाले. "छाती भरून येती. मी डब्यात रोज बाटलीतलं पाणी घालतो, तुमी सांगितलं तसंच. आमचंच कुठं तरी चुकत आसंल."

"नोझल कधी साफ केलं?"

"ते कशाला? तुमचा गॅस हाय ना."

मुलांना किनाऱ्यावर पाठवलं आणि लाँचवाल्यांना सगळं सांगितलं. धूर मुख्यतः नोझलमुळे कमी झाला होता, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"मिस्तरी तर वर्षातनं चार वेळा आला असता," एवढंच म्हणाले.

मी स्वतः मिस्त्रीला बोलावून नोझल साफ करून घेतलं. धूर उतरला. मग त्यांच्या घरी गेले. बाई ओट्यावर उशीला टेकून बसली होती. ओळखून हसली, सुनेला चहा ठेवायला सांगितला. मला तिची माफी मागायची होती. पण तीच खोकत खोकत विचारत होती, "मॅडम, डबा चालतोय ना नीट?" मी "हो" म्हणाले.