शेगडीच्या वीतभर अलीकडे

आमच्या जुन्या कडप्प्याच्या ओट्याला शेगडीच्या वीतभर अलीकडे एक जॉइंट होता. त्यात कणीक अडकायची, मुंग्या यायच्या, आणि मी त्याच्या नावाने बोटं मोडायचे. मग माझे डोळे बिघडले. कडेकडेचं दिसतं, मधोमध राखाडी डाग. दिवसाउजेडी शेगडीची ज्योत तर मुळीच दिसत नाही. तेव्हापासून सिंकपासून ओट्यावर बोट फिरवत यायचं आणि जॉइंट लागला की थांबायचं, असं माझं चाललं होतं. घरात कुणाला पत्ता नव्हता. मंडईतून किडकी वांगी आणली, तरी भाजीवाल्यांवर खापर फोडून वेळ मारून न्यायची. नवरा गेल्यावर या घरात माझं म्हणावं असं स्वयंपाकघरच उरलं होतं. तेही गेलं तर दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं, आणि तीही धड दिसत नाही.

त्यात मुलाने हौसेने ग्रॅनाइटचा ओटा करायला काढला. अख्खी फरशी जिन्याच्या वळणात फिरेना, म्हणजे दोन तुकडे करणं आलं. माझ्या जिवात जीव आला.

मिस्त्री म्हणाला, "काकू, जॉइंट पार टोकाला घेतो, मिक्सरच्या मागे. कुणाला दिसणार नाही."

"मला शेगडीच्या वीतभर अलीकडे हवाय."

"तिथे? अहो, एकीकडे पाणी, एकीकडे आच. शिवाय अगदी नजरेसमोर."

"आई, काहीतरीच काय," मुलगा म्हणाला.

"ओट्यापाशी उभं कोण राहतं, तू?" मी म्हटलं. जॉइंट हवा तिथे मिळाला.

काम संपलं, शेगडी जागेवर ठेवली, तसं मिस्त्रीने मोठ्या कौतुकाने बोलावलं. "हात फिरवून बघा, काकू."

मी सिंकपासून बोट फिरवत निघाले. फिरवत फिरवत थेट शेगडीवर आदळले. पुन्हा फिरवलं. काहीच लागलं नाही. दगडाच्याच रंगाचं काहीतरी भरून त्याने ते घासूनपुसून गुळगुळीत केलं होतं.

"भरलेलं उकरून काढा," मी म्हटलं. "बोटाला लागलं पाहिजे."

मिस्त्रीचा चेहरा मला दिसला नाही, पण हातातली छिन्नी त्याने ओट्यावर आपटली. मुलगा म्हणाला, "आई, इतकं बेमालूम काम केलंय त्यांनी. निदान कारण तरी सांग."

कारण. वास्तूचं नाव घ्यावं, तर आयुष्यभर मीच वास्तूवाल्यांची टर उडवलेली. मुंग्यांचं सांगावं, तर मुंग्या जॉइंट असल्यावर येतात, नसल्यावर नाही. एकही धड खोटं सुचेना. आणि सकाळी याच ओट्यावर मला चहा ठेवायचा होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला दिसत नाही," मी म्हटलं.

मिस्त्री उकरायला लागला. मुलगा गॅलरीत गेला आणि त्याने सुनेला फोन लावला.

जॉइंट आता बोटाला छान लागतो. दुपारी घरात कुणी नसलं की मी सिंकपासून बोट फिरवत जाते, जॉइंटपाशी थांबते आणि वीतभर पुढे हात नेते. शेगडी बरोबर तिथेच असते. तिची बटणं सून रोज काढून पर्समधून ऑफिसला घेऊन जाते.