कांताबाईंचा दातांसकट फोटो

कचरूभाऊ साळव्यांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं माल तपासला. हुद्दा एक्झामिनर. म्हणजे दुसऱ्याने बनवलेली वस्तू डोळ्यांशी धरायची, फिरवायची, भिंगातून बघायची आणि तिच्या खोड्या वहीत लिहायच्या. किरकोळ दोष, मोठा दोष आणि गंभीर दोष अशा तीन रकान्यांत सगळं जग बसतं, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. निवृत्तीनंतर कारखान्याने माणूस घरी पाठवला, सवय मात्र ठेवून घेतली नाही, आणि ते भोग कांताबाईंच्या वाट्याला आले. ताटात भाकरी पडली की भाऊ आधी ती उजेडात धरून बघत.

"खा आता, स्फोट नाही व्हायचा तिचा," कांताबाई म्हणत.

कारखान्याच्या गेटच्या आत कॅमेरा न्यायला बंदी, आणि आतला माल गेटबाहेर न्यायलाही. त्यामुळे चौतीस वर्षांत भाऊंचा कामावरचा एकही फोटो नाही. निरोपाच्या दिवशीचा फोटोसुद्धा गेटबाहेर, वडापावच्या गाडीशेजारी काढलेला, आणि त्यात भाऊंपेक्षा तळणीतला झारा जास्त स्पष्ट आलाय. अशा माणसाला म्हातारपणी कॅमेऱ्याची हौस वाटली तर नवल नाही. पण हौशीला निमित्त लागतं, आणि ते एका मयतातून निघालं.

कांताबाईंची थोरली बहीण सोजरबाई गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी हार घालायला फोटो हवा, आणि घरात तिचा धड फोटो एकही नाही. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिला कापून काढलं, मोठं केलं आणि फ्रेममध्ये बसवलं. कापताना शेजारच्या माणसाचा कोपर तिच्या खांद्यापाशी राहून गेला. भन्तेजी गाथा म्हणत होते आणि जमलेली सगळी माणसं कोपराकडे बघत होती. भाऊंचा कारखान्यातला दोस्त हिंदुराव फुलं वाहायला पुढे गेला, फोटोपाशी वाकला, आणि परत येऊन भाऊंच्या कानात म्हणाला, "कोपर माझा आहे रे."

घरी येताना कांताबाईंनी रिक्षातच सांगून टाकलं, "माझा फोटो मी जिवंत असताना काढा. एकटीचा. मला कुणाचा कोपर नको."

"मी काढते ना फोनवर, मम्मी," लेक चैताली म्हणाली. ती खराडीला आयटीत असते आणि तिच्या मते सगळं फोनवर होतं. तिने लगेच काढलाही. भाऊंनी फोन भिंगाखाली धरला. "हा चेहऱ्याला पॉलिश मारतो. दोष लपवतो." दोष लपवणाऱ्या वस्तूशी त्यांचं जमणं शक्य नव्हतं. कॅमेराच घ्यायचा ठरला. आता कुठला, एवढंच राहिलं, आणि ते दीड वर्ष राहिलं.

एका बाजूला खिशात मावणारा कॉम्पॅक्ट, दुसऱ्या बाजूला नवशिक्यांसाठी असतो तो, लेन्स बदलता येणारा मिररलेस. वही निघाली. कॉम्पॅक्टच्या पानावर लिहिलं: सेन्सर नखाएवढा, मोठा दोष. कमी उजेडात फोटो दाणेदार, मोठा दोष. लेन्स बदलता येत नाही, किरकोळ, बदलणार कोण? मिररलेसच्या पानावर: खिशात मावत नाही, मोठा दोष. एक लेन्स घेतली की दुसरी घ्यावीशी वाटते, गंभीर दोष, पण कॅमेऱ्याचा नव्हे, माणसाचा. भाऊ रोज सकाळी मोबाईलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघत आणि दुपारी निकाल फिरवत. शहरातल्या दामल्यांच्या दुकानात ते सहा वेळा जाऊन आले. सहाही वेळा दोन्ही कॅमेरे हाताळले, दोन्हींना नावं ठेवली आणि बसने घरी आले.

दीड वर्षात बाजारात दोन नवी मॉडेलं आली आणि कांताबाईंच्या हिरड्यांनी राजीनामा दिला. चाळीस वर्षं मिश्री लावल्याचं फळ डॉक्टरांनी एक्स-रेवर दाखवलं. दात काढायचे, आधी पुढचे, मग मागचे, नंतर कवळी. तारीख मिळाली गुरुवार, सकाळी दहा.

"मला फोटो माझ्या दातांसकट हवा," कांताबाई म्हणाल्या. "कवळी लावल्यावर कवळी हसेल. मी नाही."

भाऊंनी वही मिटली. कांताबाईंच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. भाऊ मुलगी बघायला गेले तेव्हा नुकते कारखान्यात लागले होते, डोक्यात माल आणि शिक्के यांशिवाय काही नव्हतं. मुलीच्या मामांनी विचारलं, "काय, मुलगी पसंत आहे का?" आणि भाऊ घाबरून म्हणाले, "पास." घरभर हशा पिकला. खाली मान घालून बसलेली मुलगीही हसली, आणि ती फट दिसली. भाऊंनी आयुष्यात पहिल्या नजरेत, भिंग न लावता पास केलेलं माणूस ते एकच. ही गोष्ट त्यांनी बायकोला कधी सांगितली नव्हती, कारण असलं सांगायचा रकाना वहीत नाही.

बुधवारी दुपारी दोघं स्कूटरवरून दुकानात हजर. कांताबाईंनी चैतालीच्या लग्नातली मोरपंखी साडी नेसली होती. अवधूत दामले काउंटरमागे बसले होते. मान वर न करता म्हणाले, "या काका. सातवी वेळ. आज घ्यायचाय, की नुसती खुशाली विचारायला आलात?"

"आज निकाल लावायचाय," भाऊ म्हणाले. "दोन्हींवर हिचा फोटो काढून बघतो."

आधी कॉम्पॅक्ट. तो दुकानातला, काउंटरला साखळीने बांधलेला, गिऱ्हाइकांना हाताळायला ठेवलेला. कांताबाई स्टुलावर बसल्या. दामले मागच्या फळीवरून दुसऱ्या कॅमेऱ्याचा खोका काढू लागले.

"आणि त्या दुसऱ्यात काय असतं हो?" कांताबाईंनी दामल्यांना विचारलं.

"त्यात आरसा नसतो. म्हणून मिररलेस."

"आरसा नाही म्हणून जास्त पैसे?" कांताबाई म्हणाल्या. "मग आमच्या बाथरूममधला मी फोडला, तेव्हा हे माझ्यावर का ओरडले?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर तोंड भरून हसल्या. भाऊंनी बटण दाबलं. मग भिंग लावून बघितलं. कडेला खोका काढणाऱ्या दामल्यांचा कोपर आला होता.

"रिजेक्ट," भाऊ म्हणाले. कॉम्पॅक्टचं पान तिथेच बंद झालं.

आता मिररलेस. खोका नवा फोडला, बॅटरीत थोडा जीव होता. भाऊंनी या वेळी दामल्यांना दारापाशी उभं केलं, हात खाली. पण एव्हाना कांताबाईंना आपले दात उद्या जाणार हे आठवलं होतं आणि ओठ मिटले होते. हस म्हटलं की माणूस हसत नाही, त्यातून उद्या दात काढायचे असलेलं तर नाहीच. भाऊंनी कॅमेरा खाली केला. दामल्यांकडे एकदा बघितलं, मग बायकोकडे.

"कांता, मामांनी विचारलं होतं, मुलगी पसंत आहे का. मी काय म्हणालो होतो?"

कांताबाई हसल्या. अगदी तशाच हसल्या. भाऊंनी फोटो काढला आणि पडद्यावर बघत उभे राहिले. साडी, उजेड, ती फट, सगळं जागच्या जागी. एका कोपऱ्यात काहीतरी नारंगी लुकलुकत होतं. नव्या वस्तूत काहीतरी लुकलुकायचंच. त्यांनी भिंग खिशातून काढलंच नाही.

"पास," ते म्हणाले.

दामल्यांनी प्रथमच मान नीट वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा बिलात डोकं घातलं आणि लिहिता लिहिता विचारलं, "कार्ड?"

"नको. रोख," भाऊ म्हणाले.

"बरं," दामले म्हणाले. त्या दुकानात शब्द जपून वापरतात.

गुरुवारी दहा वाजता पुढचे दात निघाले. संध्याकाळी कांताबाई तोंडात कापूस धरून, गाल सुजवून खाटेवर पडल्या होत्या. बोलायची मनाई होती, आणि त्या घरात एवढी शांतता कधी नव्हती. बायकोला जरा बरं वाटावं म्हणून भाऊंनी कॅमेरा काढला, सुरू केला, सगळी बटणं दाबली. फोटो कुठेच नव्हता. पडद्यावर मेमरी कार्ड घाला, अशी इंग्रजीत सूचना येत होती. भाऊंनी गॅलरीत जाऊन दुकानात फोन लावला.

"कार्ड वेगळं घ्यावं लागतं, काका," दामले म्हणाले. "मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात नको."

"मला वाटलं पैशाचं कार्ड विचारताय."

"कार्डाशिवाय फोटो पडद्यावर दिसतो नुसता. मग जातो."

भाऊंना रडू आलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या आणि स्वतःचा नग न तपासता सोडला. घरात येऊन त्यांनी वही उघडली आणि नव्या पानावर लिहिलं: गंभीर दोष, तपासनीस. बायकोला सांगायची हिंमत झाली नाही. रात्रभर ते फोटो धुवायला दिलाय असा भाव आणून बसले.

शुक्रवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं तेव्हा भाऊ खाली वाकून आत आले. दामल्यांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि या खेपेला टोमणा मारला नाही. साखळीला बांधलेला कॉम्पॅक्ट पुढे ओढला.

"याच्यात दुकानाचं कार्ड असतं," ते म्हणाले. "तो तुमचा रिजेक्ट माल अजून आत आहे."

भाऊंनी बघितला. तोंड भरून हसणारी कांता, सगळे दात, फट, आणि कडेला दामल्यांचा कोपर. डोळे पुसून परत बघितला.

"मोठा करून द्या," ते म्हणाले. दामल्यांनी दिला. वर एक कार्डही दिलं आणि त्याचं बिल केलं.

कांताबाईंनी फोटो बराच वेळ हातात धरला. मग खुणेने वही मागितली, मिररलेसच्या पानामागे पेन्सिलीने लिहिलं: कोपर कुणाचा?

"दामल्यांचा," भाऊ म्हणाले. "कापून आणू का?"

कांताबाईंनी मान हलवली. राहू दे. मग लिहिलं: आणि तो दुसरा?

आता लपवण्यात अर्थ नव्हता. भाऊंनी कार्डाची गोष्ट सांगितली, रोख म्हणाल्याचीही. मग, ज्याला वहीत रकाना नव्हता तेही सांगितलं. "तो पास होता, कांता. भिंग न लावता पास केला होता मी. तसं मी आयुष्यात दोनदाच केलंय, आणि दोन्ही वेळा समोर तूच होतीस. पण तो मी एकट्यानेच बघितला."

कांताबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. सुजलेल्या तोंडावर पदर धरला, कारण हसलं की दुखत होतं. मग खाली वाकून सावकाश लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.

तो दुसरा म्हणजे कारखान्यातला माल. गेटबाहेर न्यायला बंदी.

भाऊंनी ते पान वहीतून फाडलं, नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.