हौशी माणसाची घोडी

मैंदर्गीकडच्या एका जत्रेत घोड्यांच्या शर्यतीत मी उतरलो तो बक्षिसासाठी नव्हे, सूड उगवायला.

भवानी पेठेत माझं टॉवेलचं दुकान. पन्नाशीत घोड्यावर बसायची हौस आली म्हणून गावाबाहेरच्या एका घोडेवाल्याकडे शिकायला गेलो. शर्यतीचे घोडे तयार करणं हा त्याचा पिढीजात धंदा. पहिल्याच दिवशी मी घोड्याच्या एका बाजूने चढलो आणि दुसऱ्या बाजूने खाली आलो. तो मला उचलायला आला नाही. चहाच्या टपरीवर मात्र माझ्यादेखत सांगत होता, "शेटजी हौशी हायेत. हौशी म्हंजे घोडं दुसऱ्याचं, हाडं सोताची आन् करमणूक गावाची."

टपरी हसली. मीही हसलो, आणि घरी येऊन जेवलो नाही.

त्याच महिन्यात घोडी घेतली. तालीम मेव्हण्याकडे. तो मोटारसायकलच्या मागे हिरव्या घासाची पेंढी बांधून सुटायचा. पेंढीमागे घोडी, घोडीवर मी. वर्षभर, रोज सकाळी. अशी तालीम आजवर कुणाला सुचली नसेल, असं आम्हाला वाटायचं. का सुचली नव्हती, ते शर्यतीत कळलं.

निशाण पडलं. सगळे घोडे सुटले, त्यांत आपल्या घोड्यावर बसलेला घोडेवालाही; माझी घोडी जागेवर उभी. ती पेंढी शोधत होती.

"शेटजी, किल्ली मारा की," मागून कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, बघ्यांनी शर्यतीच्या कडेने मोटारसायकली सोडल्या. घोडी अशी उसळली, की निम्म्या वाटेतच आम्ही घोडेवाल्याला मागे टाकलं. त्याचा उघडा पडलेला जबडा मी वळून बघितला. मग पुढची मोटारसायकल गाड्या लावायच्या जागेकडे वळली. घोडीही वळली. शर्यत तो जिंकला. मी दुचाक्यांच्या रांगेत जाऊन लागलो.

चौथ्या दिवशी तो दुकानात आला. "घोडी देता काय, शेटजी? लई पळती. म्हनाल ती किंमत."

त्याला बसवलं, चहा पाजला, त्याच्यासमोर तासभर गिऱ्हाइकांना टॉवेल उलगडून दाखवले. मग म्हटलं, "घोड्याचा धंदा असता तर दिली असती की."

आता रोज सकाळी वाट वाकडी करून घोडी त्याच्या दारावरून नेतो. परवा तिथंच पडलो. तो धावत आला, मला ओलांडून गेला आणि घोडीचे चारी पाय चाचपत बसला. मी धुळीत पडल्या पडल्या त्याचं तोंड मनसोक्त बघून घेतलं.