तिच्या दारातली हवा

माझ्या मैत्रिणीच्या हवेवर मी जळायचे. साडीवर जळावं, घरावर जळावं, हवेवर कुणी जळतं का? पण मी जळायचे.

आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवतो. ती उत्तनची, कोळीवाड्यातली ख्रिश्चन. तिच्या ओट्यापुढे वाळू आणि वाळूपुढे समुद्र. मी नवघरला, चौथ्या मजल्यावर. समोर दोन टॉवरचं बांधकाम, पलीकडे हायवे. दिवाळी सरली की आमच्याकडचा वारा पडतो. धूर आणि धूळ पूर्वेच्या डोंगराच्या अलीकडे साचून राहते. खिडकीचा कठडा सकाळी पुसला तरी दुपारी बोट काळं होतं. त्याच दिवसांत माझ्या आठ वर्षांच्या मुलीची छाती वाजायला लागायची. मी दम्याचा पंप घेऊन तिच्या उशाशी जागायचे, आणि ही बया शाळेत येऊन सांगायची, "आमच्याकडं काय गार वारा सुटलाय!" सुटू दे, मी मनात म्हणायचे, तू तोंड आवर.

नाताळच्या सुट्टीत तीच म्हणाली, "पोरीला धाड माझ्याकडं. पंधरा दिस समुद्राची हवा खाऊ दे." नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

चौथ्या दिवशी मुलीचा फोन आला. "आई, मी पंप घेतलाच नाही! मावशीने मला बोंबील वाळत घालायला शिकवलं, जबड्यात जबडा अडकवून. मी इथेच राहू?"

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल कुठेतरी तळाशी. वर मात्र नुसता जळफळाट. आठ वर्षं मी जिवाचं रान केलं, आणि हिच्या ओट्याने चार दिवसांत पोर बरी केली, वर आपलीशीही केली. आठव्या दिवशी मला राहवेना. मुलीला घरी आणायचंच, असं ठरवून मी मुक्कामाला गेले.

पहाटे जाग आली तेव्हा मैत्रीण मागच्या बाजूला पाणी भरत होती. पुढचं दार बंद, खिडक्या बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. मला रागच आला. एवढा समुद्र दारात आणि ही घर कोंडून बसते! मी दार सताड उघडलं. खिडक्याही उघडल्या. छाती भरभरून श्वास घेतला, अगदी हावऱ्यासारखा. मुलगी उठून पळत आली आणि मला बिलगली. आम्ही ओट्यावर बसलो. उजाडलं होतं, पण समुद्र दिसत नव्हता, समोर सगळं राखाडी. मला ते धुकं वाटलं.

थोड्या वेळाने ती खोकली. मग तिच्या छातीतून तो ओळखीचा आवाज आला.

मैत्रीण धावत आली. दारामागच्या खिळ्याला पिशवी होती, तिच्यातून पंप काढून तिने मुलीच्या तोंडाला लावला, पाठ चोळली. मग बोंबील टांगायच्या बांबूवरून बोट फिरवून माझ्यापुढे धरलं. काळं बोट.

"रातचा वारा जमिनीवरनं येतोय. तुमच्याकडचं सगळं आमच्यावर. धा वाजता समुद्राचा सुटला का साफ. तवर मी दार उघडत न्हाय. बांबू पुसल्याबिगर बोंबीलबी टांगत न्हाय."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू भूगोल शिकवतेस, बाय. तुला मी काय सांगू?"

रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. दरवर्षी मी फळ्यावर बाण काढून हे शिकवते. आणि कबूल करते, ते काळं बोट पाहून क्षणभर मला बरं वाटलं. तिचीही हवा घाण होती तर. तेवढ्यात मांडीवर टेकलेल्या पोरीची छाती पुन्हा वाजली, आणि मला माझीच लाज वाटली.

दहाच्या सुमाराला वारा फिरला, समुद्र दिसायला लागला. मुलीचा श्वास सरळ झाला आणि ती बोंबलांकडे पळाली. तिचे कपडे भरायला आणलेली पिशवी मी रिकामीच उचलली.

बसपर्यंत सोडायला दोघी आल्या. मैत्रिणीचं बोट धरून उभी असलेली माझी मुलगी म्हणाली, "आई, पुन्हा येशील ना, तेव्हा मावशीला विचारून दार उघड."