लाइनवर कोणी नव्हतं

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचो. जन्मभर यंत्रावर विश्वास ठेवलेला माणूस मी... त्या यंत्रानेच असं काही दाखवलं, की आज म्हातारपणी लिहायला बसलोय.

नव्वदच्या दशकाचा शेवट. येवल्याच्या पुढे, कांद्याच्या शेतांतून आमचा तेल-वायू शोधाचा सर्व्हे चालला होता. काळ्या खडकाखाली प्राचीन तळ्यांचा गाळ दबलाय का, त्यात वायू आहे का, ते पाहायचं. जमिनीत हादरे टिपणारे जिओफोन ओळीने खोचायचे, बोअरमध्ये छोटा स्फोट करायचा आणि खालून परतणारे हादरे मी व्हॅनमध्ये नोंदवायचे. त्याआधी लाल झेंडा वर जाई. झेंडा दिसला की दुसरा हादरा नको म्हणून मोटारी बंद, बैल उभे. निंदणाऱ्या बायासुद्धा हात मांडीवर ठेवून बसत.

एका दुपारी झेंडा वर असतानाच पडद्यावर जिओफोनच्या रेषा एकामागून एक थरथरल्या. कोणी सावकाश चालत यावं तशा... आणि ती थरथर एका जागी येऊन थांबली.

"लाइनवर कोण चालतंय?" मी वॉकीटॉकीवर ओरडलो.

"कुत्रं बी नाय, साहेब!" झेंडेवाला म्हणाला.

मग रोज तेच. केबल बदलली, जिओफोन बदलले, वारा पडायची वाट पाहिली. पावलं यायचीच. थांबायचीही तिथेच.

सर्व्हेचे मोठे साहेब माझ्यावर भडकले. "तुमचा तो सोमाच फिरतो. एका जागी पाय ठरतो का त्याचा?"

सोमा नाशिकच्या पेठकडचा, जिओफोन लावणारा. या कामामुळे त्या वर्षी त्याच्या बायकापोरांना द्राक्षबागांत मजुरीला जावं लागलं नव्हतं. पावलं यायची तेव्हा तो व्हॅनच्या दारात, माझ्यासमोर उभा असे. पण लाइनवर माणूस नाही म्हटलं तर यंत्र बिघडलेलं – म्हणजे मी बिनकामाचा. मी गप्प बसलो. साहेबांनी सोमाला कामावरून काढून घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी पावलं पुन्हा आली!

पुढे जमिनीखालचा नकाशा तयार झाला. पावलं थांबायची त्याच्या बरोबर खाली, खोलवर, तळ्याचा काठ होता. माणूस जन्मालाही आला नव्हता, तेव्हाचं तळं. वायू मिळाला नाहीच. पावलांचं ज्याला सांगावं तो म्हणे – वारा असेल, केबलमध्ये ओल असेल. अरे, ते सगळं तपासलं होतं! ऐकतो कोण?

निवृत्तीनंतर पेठला जाऊन सोमाला गाठलं. पावलं, तळं, काठ... सगळं सांगितलं. तो हसला.

"साहेब, मी तुमच्या दारात व्हतो ना?"

"होतास."

"मंग तेवढंच सांगायचं व्हतं मोठ्या साहेबांना. भुताचं कोणी इचारलं व्हतं?"

ती पावलं कोणाची, मला आजही सांगता येत नाही. सोमा कुठे उभा होता, ते सांगता आलं असतं.